गोमतीच्या पात्रातून लखनौ

होडीत बसून शहराची वास्तुकला पाहायची, तर त्या शहराचे तोंड पाण्याकडे असावे लागते. अशा सहलींसाठी जगात सर्वांत नाव झाले ते शिकागोचे. तिथली नदी मात्र मुळात शहराची मोरी होती. गोदामे आणि कारखाने यांच्या मागच्या भिंती तिच्याकडे असत. घाण पाणी पिण्याच्या सरोवरात जाऊ नये म्हणून १९०० साली तिचा प्रवाहच उलटा फिरवण्यात आला. १९२६ मध्ये काठाने दुमजली वॅकर ड्राइव्ह झाला, आणि त्यानंतर इमारतींनी एकेक करून नदीकडे मोहरा वळवला. १९६० च्या दशकातल्या मरीना सिटी या जोडमनोऱ्यांच्या तळमजल्यावर तर होड्या बांधून ठेवण्याची सोय आहे.

लखनौचे नेमके उलटे झाले. इथली नवाबी वास्तुकला नदीसमोर उभी राहिली, नदीतून पाहण्यासाठीच सजली, आणि पुढे शहरानेच नदीकडे पाठ फिरवली. त्यामुळे गोमतीवरची सहल आखणे म्हणजे नुसते होडी ठरवणे नव्हे. कोणती इमारत कोणत्या काळी पाण्याच्या किती जवळ होती, आज तिचे काय दिसते आणि कोणत्या वेळी दिसते, हे आधी पाहावे लागते.

गोमती पिलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यातून निघते. हिमालयाचे बर्फ तिच्या वाट्याला येत नाही, पाऊस आणि जमिनीतले झरे यांवरच ती चालते. म्हणून पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात रोडावते. लखनौत ती साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते. जुने शहर तिच्या उजव्या तीरावर आहे. डाव्या तीरावर नवाबांच्या बागा आणि शिकारीची राने होती.

या काठावरची सर्वांत बोलकी इमारत म्हणजे फरहतबख्श कोठी. ती बांधली क्लॉद मार्तँ या फ्रेंच माणसाने. जन्म लियोंचा, १७३५ चा. नोकरी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत, आणि मुक्काम अवधच्या नवाबाच्या पदरी, शस्त्रागाराचा प्रमुख म्हणून. १७८१ मध्ये त्याने नदीच्या अगदी कडेला ही कोठी उभारली आणि तिच्या खाली तळघरे खोदली. उन्हाळ्यात पाणी उतरले की तळघरे मोकळी होत आणि नदीच्या गारव्यात राहता येई. पावसाळ्यात पाणी चढले की बिऱ्हाड वरच्या मजल्यावर जाई. नदी मजला ठरवणार आणि मालक मुकाट्याने जिना चढणार, असा हा करार होता. मार्तँ १८०० साली वारल्यावर नवाब सादत अली खानाने कोठी विकत घेतली. तिला लागूनच गाजीउद्दीन हैदरने छत्तर मंजिल सुरू केली आणि त्याचा मुलगा नसीरुद्दीन हैदर याने ती पुरी केली. घुमटांवर छत्र्या बसवल्या म्हणून हे नाव.

या महालासमोरच्या नदीत नवाबाची माशाच्या आकाराची नाव असे. १८५८ मध्ये फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने टिपलेल्या छत्तर मंजिलच्या चित्रात ती स्पष्ट दिसते: खवल्यांचे अंग, वळलेले शेपूट, पाठीमागे घुमटांची रांग. माशांची जोडी हे अवधच्या घराण्याचे चिन्ह. लखनौच्या जुन्या दरवाजांवर ती अजून कोरलेली आहे आणि उत्तर प्रदेशाच्या राजमुद्रेतही आहे. अलीकडे जीर्णोद्धारासाठी छत्तर मंजिलच्या आवारात खोदकाम चालले, तेव्हा मातीत गाडली गेलेली सुमारे ४२ फूट लांबीची एक लाकडी नाव सापडली. नदी या भिंतींच्या किती जवळ होती, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

मग हे नाते तुटले कसे? पहिला घाव १८५७ चा. त्या वर्षीच्या उठावात ३० जूनला चिन्हटला इंग्रजांचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीला, म्हणजे ब्रिटिश रेसिडेंटच्या ठाण्याला, वेढा पडला. लगेच दुसऱ्या रात्री इंग्रजांनी नदीकाठचा मच्छी भवन हा जुना किल्ला सुरुंगाने उडवून दिला. शहर पुन्हा हाती आल्यावर कर्नल रॉबर्ट नेपियर या अभियंत्याने नवा आराखडा केला. दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ते काढायचे, म्हणजे बंड झाले तर फौजेला मोकळी वाट मिळेल, असा त्यातला हिशेब. इमारतींचे मोहरे मग रस्त्याकडे आले. दुसरा घाव पुराचा. १९६० च्या महापुरानंतर दोन्ही तीरांवर बांध उंचावले गेले. शहर वाचले, पण होडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मातीची भिंत आली. छत्तर मंजिलचे तर नशीबच निराळे. आधी ती गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब झाली. १९५१ पासून साठेक वर्षे तिथे केंद्रीय औषधी संशोधन संस्था होती. जिथे नवाबाचे दिवाणखाने होते तिथे परीक्षानळ्या मांडल्या गेल्या. वापरात राहिली म्हणून इमारत टिकली, हेही खरे.

आता सहलीचा पल्ला. पाहण्यासारखे सगळे एका दमात होत नाही, कारण गोमती नगरच्या तोंडाशी बंधारा आहे. त्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवलेले असते, म्हणून शहराच्या पाणीपुरवठ्याला उपसा मिळतो आणि होडीलाही खोली मिळते. खालच्या अंगाला पाणी उथळ आणि बेभरवशाचे. त्यामुळे होडीची सहल बंधाऱ्याच्या वरच राहावी. ला मार्टिनियर आणि दिलकुशा या दोन्ही वास्तू बंधाऱ्याच्या खाली, शिवाय काठापासून आत. त्या जमिनीवरून पाहिलेल्या बऱ्या. होड्या मिळण्याच्या नेहमीच्या जागा दोन: रेसिडेन्सीसमोरचा शहीद स्मारकाचा काठ आणि वरच्या बाजूचा कुडिया घाट.

हंगाम ठरवणे सोपे. जुलै ते सप्टेंबर नदी सोडून द्यावी. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर सकाळी धुके असते आणि समोरचा पूलही दिसत नाही. एप्रिलनंतर ऊन सोसत नाही आणि पाण्याला वास येतो. राहिले दोन तुकडे: दसऱ्यानंतरचे सहा-सात आठवडे आणि फेब्रुवारी-मार्च. जलपर्णी कधी माजेल याचा नेम नाही, म्हणून आदल्या दिवशी घाटावर विचारून घ्यावे. मल्लाह मंडळी याबाबत सरकारी सूचनाफलकांपेक्षा खात्रीची.

वेळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि बहुतेक सहली इथेच फसतात. नौकाविहार म्हटला की लोकांना संध्याकाळ सुचते. पण उजव्या तीरावरच्या नवाबी इमारतींची नदीकडची बाजू साधारण ईशान्येला तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य त्यांच्या मागे जातो आणि समोर उरते ती काळी आकृती. घुमटांच्या बाह्यरेषेसाठी ती ठीक, पण लखनौची खरी कला बाह्यरेषेत नाही. इथे दिल्ली-आग्र्यासारखा दगड नव्हता. पातळ, लहान लखौरी विटा रचायच्या आणि त्यावर चुन्याच्या गिलाव्यात वेलबुट्टी, मासे, कमानींच्या कडा, ग्रीक धर्तीचे स्तंभ, सगळे काढायचे, ही इथली रीत. गिलाव्यातले उठावकाम एकदोन बोटे उंचीचे असते. ते उमटायला बाजूने घसरत येणारा तिरपा प्रकाश लागतो, आणि तो हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना सकाळी साडेसहा-सात ते साधारण नऊ एवढाच मिळतो. नंतर भिंत सपाट दिसू लागते. म्हणून वास्तू पाहायची असेल तर निघायचे पहाटेच, चहा परतल्यावर.

दिशेच्या बाबतीत इतिहास आणि प्रकाश यांचे पटत नाही. कुडिया घाटाकडून प्रवाहाबरोबर खाली आले तर इमारती जवळपास कालक्रमाने भेटतात: १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौलाने काढलेल्या कामातला बडा इमामबाडा आणि रूमी दरवाजा काठापासून थोडे आत, मग १७७५ च्या सुमारास सुरू झालेली रेसिडेन्सी, मग छत्तर मंजिल, मोती महाल, आणि शेवटी गाजीउद्दीन हैदरची कबर असलेला शाह नजफ इमामबाडा. निवेदकाला हा क्रम फार सोयीचा. पण सकाळी खाली जाताना सूर्य समोरून डोळ्यांवर येतो. उलट वर येताना तो पाठीशी राहतो आणि भिंती उजळलेल्या दिसतात. अशा वेळी प्रकाशाचे ऐकावे, इतिहास उलट्या क्रमाने सांगितला तरी कळतो. म्हणून चांगला बेत असा: शहीद स्मारकाशी होडीत बसायचे, काही न बोलता शाह नजफच्या पट्ट्यापर्यंत खाली जायचे, तिथे होडी फिरवायची आणि निवेदन करत संथपणे वर येऊन पक्क्या पुलाखालून कुडिया घाटाला उतरायचे. तिथून इमामबाडा जवळच आहे.

होडीची गती आणि बोलणे यांचा मेळ आधी कागदावर घालावा. ताशी सहा किलोमीटर म्हणजे मिनिटाला शंभर मीटर. छत्तर मंजिलसारखी लांबलचक इमारतही एकदोन मिनिटांत मागे पडते, आणि तेवढ्या वेळात निवेदकाची दोन-तीनशे वाक्ये नव्हे, शब्द होतात. इमारत समोर असताना फक्त डोळ्यांना दिसते तेच सांगावे: कमान कुठली, छत्री कुठे, गिलावा कुठे गळला. घराणी, लढाया आणि सनावळ्या मधल्या मोकळ्या काठासाठी राखाव्यात. शिकागोत या सहलींचे निवेदक महिनोन्‌महिने तयार केले जातात, ते याच मोजमापासाठी. लखनौत वल्ह्याची होडी असेल तर आणखी एक सोय आहे. नावाड्याला सांगून ती फरहतबख्शसमोर उभी करता येते आणि इंजिनाचा आवाज नसल्याने साध्या बोलण्याने काम भागते. मोठ्या यांत्रिक नौकेला नोंदणी आणि तपासणी लागते. २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा त्यासाठी आहे. होडी कोणतीही असो, जीवरक्षक जाकिटे माणशी एक मोजून घ्यावीत आणि ती अंगात घालावीत, बसायला घेऊ नयेत.

पुलांकडे सहसा कोणी वास्तू म्हणून पाहत नाही. गोमतीवर ते पाहावेत. आसफउद्दौलाच्या काळचा दगडी शाही पूल १९११ मध्ये पाडला गेला आणि त्याच्या शेजारी बांधलेला कमानींचा पूल जानेवारी १९१४ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंगच्या हस्ते खुला झाला. कागदोपत्री तो हार्डिंग पूल, लोकांच्या तोंडी लाल पूल किंवा पक्का पूल. वरून जाताना तो केवळ वाहतुकीची कोंडी असतो. खालून जाताना कमानींची लय आणि कठड्यावरचे सज्जे दिसतात. अगदी नवे काम म्हणजे हनुमान सेतूच्या बाजूचा मेट्रोचा पूल, २०१९ पासून वापरात. पात्रात अडथळा कमी व्हावा म्हणून त्याचा गाळा लांब ठेवला आहे. पुलाखालची मोकळीक पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलते. छत असलेली नौका घेतली तर ही मोकळीक आधी मोजलेली असावी. लखनौतल्या मानक नगर या रेल्वे वसाहतीत हे समजावून सांगायला नको. रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेचे, म्हणजे आरडीएसओचे, ठाणे १९५७ पासून इथेच आहे आणि देशभरच्या रेल्वेपुलांची मानके इथल्याच टेबलांवरून जातात.

डावा तीर थोडक्यात उरकतो. नसीरुद्दीन हैदरच्या बादशाह बागेत आज लखनौ विद्यापीठ आहे. घुमट आणि कमानींची ती भव्य घडण झाडांतून तुकड्यातुकड्यांनी दिसते आणि तिच्यावर ऊन दुपारनंतरच येते. त्याच काठावर पूर्वी मोकळे मैदान होते, आणि नवाब व त्यांचे पाहुणे उजव्या तीरावरच्या सज्जांतून नदीपलीकडची हत्ती-वाघांची झुंज पाहत. नदी इथे मधला खंदक होती आणि महाल हे प्रेक्षागृह.

होडीतून न दिसणाऱ्या गोष्टींचीही नोंद बेतात हवी, नाहीतर पाहुणा फसवल्यासारखा परततो. इमामबाड्याचे पन्नास मीटर लांबीचे, मध्ये खांब किंवा तुळई नसलेले कमानी छताचे दालन पात्रातून दिसणे शक्यच नाही. नवाब वाजिद अली शाहने १८४८ ते १८५० मध्ये बांधलेला कैसरबाग छत्तर मंजिलच्या मागे दडलेला आहे. मराठी माणसाने तिथे चालत जावे असे एक कारण आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या खटपटीने १९२६ मध्ये सुरू झालेले मॅरिस संगीत महाविद्यालय याच कैसरबागेतल्या परीखान्यात नांदले, आणि आज ते भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. ला मार्टिनियरसाठी वेगळी सकाळ ठेवावी. मार्तँने आयुष्याच्या शेवटी ही प्रचंड वास्तू सुरू केली, ती पुरी होण्याआधीच तो वारला आणि स्वतःच्या इच्छेप्रमाणे तिच्याच तळघरात पुरला गेला. १८४५ पासून तिथे शाळा आहे. तिचा दर्शनी भाग पूर्वेला, पुढे तळे आणि तळ्यात उंच स्तंभ. इथेही सकाळचाच प्रकाश.

मानक नगराहून जाणाऱ्यांनी आलमबागला मेट्रो धरून के. डी. सिंग बाबू स्टेडियमला उतरावे. तिथून शहीद स्मारक रिक्षाच्या अंतरावर आहे. मात्र पहिली गाडी सूर्योदयाच्या वेळेला पुरत नसेल तर वाहन आधी सांगून ठेवावे. परतीचा टप्पा कुडिया घाटाहून असल्याने चारबागमार्गे येणे सोयीचे. आणि त्या सकाळी जलपर्णीने पात्र भरलेले निघाले, तर हनुमान सेतू, मोती महालाकडचा काठ आणि पक्का पूल या तीन जागी चालत जाऊन उभे राहूनही उजवा तीर पुष्कळ दिसतो, फक्त वेळ नऊच्या पुढे जाऊ देऊ नये.