मापाने दिलेला श्वास

श्वसनोपचाराचा द्विवर्षीय अभ्यासक्रम पूर्ण करून आज पदविका स्वीकारणाऱ्या स्नातक बंधुभगिनींनो,

ज्या इलिनॉय राज्यात १९०१ साली जोलिएट येथे अमेरिकेतले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज सुरू झाले, त्याच राज्यातील शिकागो शहरी १९४७ साली प्राणवायूच्या उपचाराचे काम करणाऱ्या मंडळींनी आपली पहिली संघटना रीतसर नोंदविली. तेव्हा तुमचे हे कम्युनिटी कॉलेज आणि तुमचा व्यवसाय यांची सोयरीक आजची नव्हे. दिवसा नोकरी, सायंकाळी वर्ग आणि पहाटे रुग्णालयातील पाळी असा क्रम सांभाळून, घरची जबाबदारी शिरावर असताना ज्यांनी ही विद्या संपादन केली, त्यांच्याविषयी मला वाटणारा आदर औपचारिक नाही.

या विद्येचे मोल एका प्रसंगातून कळते. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओच्या साथीच्या आरंभी, श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तत्कालीन यंत्रे वापरूनही दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून रुग्णांच्या श्वासनलिकेस छेद देऊन नळी बसविण्यात आली, आणि सुमारे १,५०० विद्यार्थी आळीपाळीने, रात्रंदिवस, रबरी पिशवी हाताने दाबून त्यांना श्वास देत राहिले. त्या तरुणांपाशी पडदा नव्हता, आकडे नव्हते. फुप्फुस किती हवा घेते व कोठे अडते हे त्यांच्या तळहाताला कळत होते, आणि रुग्णाच्या मुखावरील वर्ण हाच त्यांचा दाखला होता. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. अतिदक्षता विभागाचा उगम मी तेथे मानतो.

परंतु निष्ठेला मापाची जोड नसेल तर दिलेला श्वासही घात करतो, हे वैद्यकास फार उशिरा उमगले. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना सढळ हाताने दिलेल्या प्राणवायूने त्या काळी हजारो बालकांची दृष्टी हिरावली. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ८६१ रुग्णांवरील अमेरिकन अभ्यासात, फुप्फुसे गंभीररीत्या बिघडलेल्यांना प्रत्येक श्वासाला दर किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली असता मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. येथील किलो तराजूवरचे नव्हेत; ते उंचीवरून काढावयाचे, कारण माणूस स्थूल झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ हात आवरल्याने माणसे वाचली, याहून थोर गोष्ट मला आधुनिक रुग्णसेवेत क्वचितच आढळली.

म्हणून कामावर रुजू झाल्यावर, बेशुद्ध रुग्णाची उंची दफ्तरातील अंदाजावरून न घेता स्वतः फीत लावून मोजा. आणि वरिष्ठांचा हुकूम त्या मापाशी विसंगत दिसला, तर नम्रपणे पण त्याच रात्री, सकाळच्या फेरीची वाट न पाहता, ती विसंगती त्यांच्या नजरेस आणा. ज्याच्या तोंडात नळी आहे त्याला बोलता येत नाही; त्याच्या वतीने बोलणे हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

येथे उपस्थित असलेल्या रुग्णालयांच्या व्यवस्थापकांनाही माझी एक विनंती आहे: या मंडळींच्या नेमणुका करताना एकेका पाळीत एकेकावर किती व्हेंटिलेटर सोपविणार, याची तजवीज आधी करा, कारण फीत लावण्यास आणि रुग्णाच्या उशाशी थांबण्यास लागणारा अवकाश त्यांना तुम्हीच देऊ शकता.