जुना प्रोग्राम चालला पाहिजे



या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावं अशी संयोजकांची इच्छा होती, हे निमंत्रणाच्या भाषेवरूनच कळलं होतं. त्या विषयावर बोलणारे पुढच्या सत्रांत पुष्कळ आहेत आणि त्यांची तयारी माझ्याहून अधिक आहे. मी बोलणार आहे आयबीएमवर. तरुण मंडळींपैकी काहींना ही कंपनी अजून चालू आहे याचंच नवल वाटेल. ती चालू आहे. २०२४ साली तिची उलाढाल सुमारे ६३ अब्ज डॉलर होती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या कंपनीने शोध भरपूर लावले, पण त्यांतले कितीतरी फळाला आले ते दुसऱ्यांच्या अंगणात. ती तगली ती ग्राहकाला दिलेल्या एका शब्दावर: तुमचा जुना प्रोग्राम आमच्या नव्या यंत्रावर चालेल. आज ती ज्या दिशेने चालली आहे, ती दिशासुद्धा या शब्दातूनच निघाली आहे.

सुरुवात कागदापासून करू. १८९० ची अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथ यांच्या भोकं मोजणाऱ्या यंत्रांवर झाली. वजनकाटे आणि हजेरीची घड्याळं बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर १९११ साली त्यांची कंपनी एकत्र झाली, १९१४ मध्ये थॉमस वॉटसन तिथे आले आणि १९२४ मध्ये तिला आयबीएम हे नाव मिळालं. १९२८ चं तिचं ८० रकान्यांचं कार्ड आपल्यातल्या पांढऱ्या केसांच्या लोकांनी हाताळलेलं आहे. कार्डांचा गठ्ठा घट्ट धरून त्याच्या कडेवर शाईने तिरकी रेघ ओढून ठेवायची. गठ्ठा हातातून सुटून जमिनीवर पसरला, तर रेघ जुळवत कार्डं पुन्हा क्रमाने लावता यायची. प्रोग्रामच्या कार्डांवर शेवटचे आठ रकाने अनुक्रमांकासाठी राखलेले असत. म्हणूनच जुन्या धाटणीच्या कोबोलमध्ये ७२ व्या रकान्यापुढे काही लिहिलं तर कंपायलर ते आजही वाचत नाही. आणि ८० रकान्यांत नाव, खातं, रक्कम सगळं बसवायचं, तर वर्षाला चार अंक कोण देणार? दोनच दिले. त्या दोन अंकांकडे मी परत येणार आहे.

अध्यक्षीय भाषणात गौरवच करायचा असतो असा एक समज आहे, पण एक गोष्ट गाळणं बरोबर होणार नाही. हीच यंत्रं आयबीएमच्या जर्मन उपकंपनीमार्फत नाझी राजवटीच्या जनगणनेतही वापरली गेली. वॉटसन यांनी १९३७ साली जर्मनीचं पदक स्वीकारलं आणि १९४० मध्ये ते परत केलं. माणसांची मोजणी सोपी करणारं यंत्र कोणाच्या हाती पडतं, हा प्रश्न आपल्या व्यवसायाला जन्मापासून चिकटलेला आहे.

आता ७ एप्रिल १९६४. त्या दिवशी सिस्टीम/३६० जाहीर झाली. तोवर आयबीएमचीच यंत्रं एकमेकांना ओळखत नसत. १४०१ वर लिहिलेला प्रोग्राम ७०९० वर निरुपयोगी. धंदा वाढला, मोठं यंत्र घेतलं, की सगळं नव्याने लिहायचं. आणि नव्यानेच लिहायचं तर दुसऱ्या कंपनीचं यंत्र का नको, असं ग्राहक विचारू लागले होते. हनीवेलने तर डिसेंबर १९६३ मध्ये १४०१ चे प्रोग्राम आपल्याकडे आणून चालवण्याची सोय असलेलं यंत्रच जाहीर केलं. ग्राहकांच्या प्रश्नावर आयबीएमने दिलेलं उत्तर धाडसी होतं: आपलीच चालती यंत्रं मोडीत काढायची आणि लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या यंत्रांना एकच आज्ञासंच द्यायचा. खर्च पाच अब्ज डॉलर. त्या काळात कंपनीच बुडाली असती एवढी ही रक्कम. जीन अॅमडाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेड ब्रूक्स हे तिचे शिल्पकार. आठ बिटांचा बाइट सर्वत्र रूढ झाला तो याच यंत्रामुळे. ऑपरेटिंग सिस्टीमला मात्र अतोनात उशीर झाला. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की ते आणखी लांबतं, हे ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. आपले प्रोजेक्ट मॅनेजर हे वाक्य सादरीकरणात घालतात आणि दुसऱ्या दिवशी चार माणसं वाढवून मागतात.

त्या काळातला एक प्रोग्राम सभागृहातल्या मेनफ्रेमवाल्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे: आयईएफबीआर१४. तो काहीही करत नाही. मुळात त्यात एकच आज्ञा होती, ज्याने बोलावलं त्याच्याकडे परत जा. पण त्यातही चूक निघाली! परत जाताना रजिस्टर १५ शून्य करायचं राहिलं होतं, त्यामुळे काहीच न करणारा हा प्रोग्राम अपयशी झाल्याचा निरोप येऊ शकत असे. मग दुसरी आज्ञा घालावी लागली. फाइली तयार करायला किंवा पुसायला निमित्त म्हणून हा प्रोग्राम आजही वापरतात. २०२५ साली आलेल्या झेड१७ या आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये फसवणूक व्यवहार चालू असतानाच पकडावी म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय चिपमध्येच केलेली आहे. त्या यंत्रावरही हा महाशय सुखाने नांदतो आहे.

शब्द पाळला तो असा. शोधांचं काय झालं? हार्ड डिस्क १९५६ ची, आयबीएमची: चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाहून जास्त आणि साठवण पन्नास लाख अक्षरं. तो धंदा २००२ अखेरीस हिताचीला विकला. पर्सनल कॉम्प्युटरची कथा सर्वांना पाठ आहे. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची, आणि २००५ मध्ये उरलेला धंदा लेनोवोकडे. मला अधिक हळहळ वाटते ती एडगर कॉड यांच्याबद्दल. माहिती साध्या तक्त्यांत मांडायची आणि ती कुठे, कशी ठेवली आहे याची चिंता मागणाऱ्याने करायची नाही, हा विचार त्यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये बसून मांडला. अशी माहिती मागण्याची एसक्यूएल ही भाषा तिथल्याच प्रयोगशाळेत तयार झाली. पण आयएमएस हे माहिती साठवण्याचं कंपनीचं जुनं उत्पादन चांगला पैसा देत होतं. घरातली दुभती गाय कोण विकतो? प्रकाशित निबंध वाचून लॅरी एलिसन यांच्या कंपनीने १९७९ मध्येच तसा माल विकायला काढला. आयबीएमचा पहिला माल आला १९८१ मध्ये. जुन्या ग्राहकाला जपणारी कंपनी नव्या ग्राहकाला अशी मुकते.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. अमेरिकेत वापरून झालेली १४०१ यंत्रं इथे भाड्याने दिली जातात, अशी तक्रार तेव्हा सतत होत असे, आणि ती निराधार नव्हती. परकीय चलनाच्या फेरा कायद्याने परदेशी भागीदारी ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं, आयबीएमने नकार दिला, आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना १९७८ मध्ये तिने गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्या पोकळीने आपलं नुकसान झालं की भलं, यावर अजून वाद होतात. माझं मत असं, की एकाच कंपनीच्या माहितीपुस्तिकांबाहेर बघायची सवय आपल्या लोकांना तेव्हा लागली. मुंबईत फकीरचंद कोहलींची टीसीएस त्याआधीच अमेरिकेच्या बरोज कंपनीबरोबर परदेशी कामं घेऊ लागली होती. आयबीएम १९९२ मध्ये टाटांचा हात धरून परतली. आणि मग ते दोन अंक कामी आले. २००० साल जवळ आलं तसं जगभरच्या कोबोलमधलं वर्ष दुरुस्त करायला माणसं हवी होती. कोथरूडपासून अंधेरीपर्यंत कितीतरी घरांचे हप्ते त्या दोन अंकांनी फेडले आहेत.

तिकडे कंपनी १९९३ मध्ये आठ अब्ज डॉलर तोट्यात होती. तुकडे करून विकायचं जवळजवळ ठरलं होतं. प्रमुख म्हणून लू गर्स्टनर आले; ते बिस्किटं आणि सिगारेटी विकणाऱ्या कंपनीतून आलेले, संगणकाचे ग्राहक राहिलेले. मोठ्या ग्राहकाला सगळं एका दारात हवं असतं हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी कंपनी अखंड ठेवली आणि सेवेचा धंदा वाढवला. पुढे मात्र २०१२ पासून सलग बावीस तिमाह्या महसूल घसरत राहिला. कंपनीचा वॉटसन नावाचा संगणक २०११ मध्ये दूरचित्रवाणीवरची प्रश्नमंजूषा जिंकला, त्याच्या जोरावर कर्करोगावर उपचार सुचवण्याच्या गोष्टी झाल्या, आणि २०२२ मध्ये आरोग्याचा तो विभाग विकून टाकला. जाहिरात यंत्राच्या किती पुढे धावू शकते, हे आज ज्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायचं आहे त्यांनी या प्रकरणात पाहावं.

२०२० पासून अरविंद कृष्ण प्रमुख आहेत. त्याआधीच्या वर्षी ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट घेतली होती. त्या खरेदीमागेही तेच होते. २०२१ मध्ये यंत्रणा सांभाळण्याचा मोठा धंदा किंड्रिल म्हणून वेगळा काढला. आज सर्वाधिक महसूल सॉफ्टवेअरचा, मग सल्लासेवेचा, मग यंत्रांचा. क्वांटमवर भर आहे आणि चुका सोसणारं यंत्र २०२९ पर्यंत देण्याचं जाहीर झालं आहे. ते आल्यावर बोलू. मला रेड हॅट अधिक बोलकी वाटते. ग्राहकाला सांगायचं: तुमचं सॉफ्टवेअर तुमच्या यंत्रावर, आमच्या मेनफ्रेमवर किंवा कोणाच्याही क्लाउडवर चालेल. १९६४ चाच शब्द, फक्त यंत्रं आता इतरांचीही. पण २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या लिनक्सचा उगम-कोड ग्राहकांपुरता ठेवायचं ठरवलं, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरवाले खवळले. मलाही ते रुचलं नाही. निघून जायचं दार उघडं आहे असं सांगणाऱ्याने चौकट अरुंद करू नये.

शेवटचा मुद्दा आपल्या पोटाचा. कोबोलचं जावात रूपांतर करायला मदत करणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन आयबीएमने २०२३ मध्ये आणलं. ज्या जुन्या कोडच्या देखभालीवर आपली पिढी उभी राहिली, तेच काम हे साधन हलकं करू पाहतं. भाषा बदलण्याचं काम ते करील, याबद्दल मला फारशी शंका नाही. पण व्याजाच्या एका हिशेबात पैशाचा अपूर्णांक कापलेला असतो, शेजारच्याच ओळीत राउंडेड हा शब्द असतो. पहिल्या ओळीत तो मुद्दाम गाळला, बँकेच्या कुठल्या परिपत्रकावरून गाळला, की विसरला? हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं. ते माहीत असलेली माणसं निवृत्त झाली आहेत आणि त्यांतली बरीच पुण्या-मुंबईतच आहेत.

म्हणून कार्यकारिणीकडे मी एक लेखी सूचना दिली आहे. बँका, विमा आणि रेल्वे यांच्या मेनफ्रेमवर काम केलेल्यांच्या मुलाखती मराठीत ध्वनिमुद्रित करायच्या. कुठल्याही संस्थेचं गुपित न उघडता, फक्त नियम कसे ठरले आणि का ठरले तेवढंच विचारायचं. खर्चाचा अंदाज खजिनदारांनी दुपारच्या बैठकीत मांडावा. पहिल्या सत्राचे वक्ते आले आहेत, त्यामुळे मी इथे थांबतो.