बाळाचा काल ठाऊक असलेला डॉक्टर



वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीची ही परिषद मुंबईच्या गोरेगावात भरते आहे, याचा मला विशेष आनंद आहे. वैद्यकीय शिक्षण सोडून लोकांच्या कामात उतरलेल्या मृणालताई गोरे यांची ही कर्मभूमी. त्यांनी बायाबापड्यांना बरोबर घेऊन पाण्यासाठी लढे दिले. आपण त्यांना राजकारणाच्या इतिहासात ठेवतो. मी त्यांना बालआरोग्याच्या इतिहासातही ठेवीन. घरात पुरेसं, स्वच्छ पाणी आलं की जुलाब कमी होतात आणि जुलाब कमी झाले की मूल वाढतं. आजही याच उपनगरात एकीकडे उंच इमारती आहेत, दुसरीकडे मोतीलाल नगर, भगतसिंग नगरच्या वस्त्या आहेत आणि आरेच्या जंगलात आदिवासींचे पाडे आहेत. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्या ओपीडीत या सगळ्या घरांतली बाळं एकाच रांगेत येणार आहेत.

त्या रांगेसाठी मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. बाळ आजारी आहे का आणि ते नीट वाढतंय का, हे दोन्ही प्रश्न एकाच रीतीने सुटतात. त्या बाळाला त्याच्याच कालशी ताडून पाहायचं. पुस्तकातली सरासरी लागते, तपासण्याही लागतात. पण आधी त्या बाळाचा काल ठाऊक हवा.

नवजात बाळापासून सुरुवात करू. निरोगी बाळ पहिल्या काही दिवसांत वजन गमावतं. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतची घट चालते आणि साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघते. ते शिंकतं, उचक्या देतं. त्याची कातडी सोलवटते, अंगावर लालसर पुरळ उठतं, कमरेखाली निळसर डाग दिसतात. आईच्या संप्रेरकांमुळे त्याची छाती सुजल्यासारखी होते आणि मुलींना दोन-चार दिवस योनीमार्गातून किंचित रक्तही जातं. यातल्या कशालाही औषध नको. छाती पिळून ‘घाण’ काढणाऱ्या हातांना मात्र थांबवायला हवं, कारण त्यातून गळू होतं. घुटी, मध, कानानाकात तेल आणि बंद खोलीतली धुरी यांनाही घरच्यांचा मान राखून, पण ठामपणे नाही म्हणा.

आता कावीळ घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर आलेला आणि आठवडा-दोन आठवड्यांत मावळणारा पिवळेपणा बहुतेक बाळांत निरुपद्रवी असतो. तोच पहिल्या चोवीस तासांत दिसला, तळहात-तळपायांपर्यंत उतरला किंवा शी पांढुरकी झाली, तर एक तासही वाया घालवू नका. रंग एकच, तो कधी आला आणि किती पसरला, यावर सारं ठरतं.

बाळाच्या कालची हीच गोष्ट गडचिरोलीने जगाला शिकवली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांचं घरोघरी जाऊन निरीक्षण केलं. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. वैद्यकीय मदत मिळाली ती तीन टक्क्यांहूनही कमी बाळांना. मग पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी बाळांचं वजन केलं, श्वास मोजले, बाळांना ऊब दिली, गुदमरलेल्या बाळाला श्वास दिला आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकं दिली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता.

रक्ततपासणीची सोय नसताना या स्त्रिया जंतुसंसर्ग कसा ओळखत? त्यांच्या लक्षणांची यादी नीट वाचा. आधी जोरात रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं. आधी दूध चांगलं ओढणारं बाळ ओढेनासं झालं. आधी हुशार असलेलं बाळ मलूल पडलं. अंग गार लागतं किंवा ताप आहे, पोट फुगलंय किंवा उलट्या थांबत नाहीत, छाती आत ओढली जाते किंवा बाळ कण्हतं, नाळेत वा कातडीवर पू आहे. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की उपचार सुरू. पहिल्या तिन्ही लक्षणांत ‘आधी’ आहे. जिने बाळाला आधी पाहिलंच नाही, तिला ती कळणार नाहीत. त्या स्त्रिया ठरल्या दिवशी पुन्हा पुन्हा त्या घरी जात होत्या, म्हणून त्यांना ती कळली. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ही घरभेटींची पद्धत ‘आशा’ स्वयंसेविकांमार्फत देशभर नेली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं.

मुंबईत हा काल कोणाकडे असतो? बाळंतपण एका रुग्णालयात, सव्वा महिना गावी, पहिली लस दुसऱ्या दवाखान्यात आणि तुमच्याकडे बाळ येतं तेव्हा कागद हरवलेले. अशा वेळी बाळाचा काल फक्त त्याच्या आईकडे असतो. ‘डॉक्टर, हे नेहमीसारखं नाही’ असं ती म्हणते, तेव्हा तिने निदानाची पहिली पायरी पार केलेली असते. बाळ वरवर ठीक दिसलं म्हणून तिला परत पाठवू नका. कपडे काढून बाळ तपासा, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा आणि ते दूध कसं ओढतं हे समोर बसून पाहा.

आईवरचा हा विश्वास मुंबईच्या वैद्यकीय परंपरेतलाच आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. धारावीच्या शेजारच्या, गर्दीने ओसंडणाऱ्या पालिका रुग्णालयात हे घडलं. कमी दिवसांच्या बाळाचं पहिलं औषध म्हणजे आईचं दूध. तिचं नसेल, तर दुसऱ्या आईचं. पुढे त्यांनीच १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन करून माता-बालकांच्या आरोग्याचं काम वस्तीत नेलं. बाळाला आईच्या छातीशी ठेवण्याच्या कांगारू पद्धतीचंही तसंच. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने कमी झाले. नवजात विभागाच्या दारात आईला ताटकळत ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

आता वाढीकडे येतो. जन्मवजन पाच महिन्यांत दुप्पट, वर्षात तिप्पट, दोन वर्षांत चौपट. लांबी ५० सेंटिमीटरवरून वर्षात ७५. दोन महिन्यांच्या आत ओळखीचं हसू, चौथ्या महिन्यापर्यंत मान सावरणं, आठव्याच्या सुमारास आधाराशिवाय बसणं, वर्ष-सव्वा वर्षात पाऊल. हे पाठ असायलाच हवं. पण नऊ महिन्यांच्या बाळाचं वजन साडेसात किलो आहे, एवढ्याने मला काहीच कळत नाही. सहाव्या महिन्यात ते किती होतं? तेव्हाही साडेसातच असेल, तर वरचं अन्न, पाणी, जुलाब, घरातली कमाई आणि पुन्हा कामावर जाऊ लागलेली आई, या सगळ्यांची चौकशी करावीच लागेल. सहा असेल, तर बाळ लहान असूनही आपल्या वाटेने चढतं आहे. आलेखावरचा एकटा ठिपका मुका असतो.

‘आमच्या घराण्यात सगळे बारीकच’ हेही तुम्ही ऐकाल. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची मानकं जाहीर केली, ती सहा देशांतल्या मुलांवरून. पोषण, स्तनपान आणि स्वच्छता लाभली की दिल्लीची मुलंही नॉर्वे आणि घानाच्या मुलांसारखीच वाढतात, हे त्यातून दिसलं. महाराष्ट्रात मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. त्याचं खापर घराण्यावर फोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं संशोधन आणखी सावध करतं. पुणे परिसरातल्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं स्नायूंनी आणि अवयवांनी लहान होती, पण कातडीखालची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखलेली होती. अशा शरीरात मधुमेहाचा धोका लवकर शिरतो. म्हणून बारीक बाळाला बिस्किटं आणि साखरेचं दूध देऊन गुबगुबीत करणं म्हणजे वाढ नव्हे. लांबीही मोजा, डोक्याचा घेरही मोजा. आणि बाळाचा काल त्याच्या जन्माआधी, आईच्या ताटातच सुरू होतो, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा माझं मागणं नेमकं आहे. प्रत्येक भेटीत माता-बाल संरक्षण कार्ड मागा आणि वजनाचा ठिपका स्वतःच्या हाताने भरून आईला समजावून सांगा. कार्ड नसेल, तर नवं करून द्या. बाळाला घरी सोडताना धोक्याची लक्षणं आईच्या भाषेत सांगा आणि तिच्याकडून परत वदवून घ्या. वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविकेचा फोन नंबर तुमच्याकडे असू द्या. तिला तुमच्याहून अधिक ‘काल’ ठाऊक आहेत.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमात आता विद्यार्थ्यांना काही कुटुंबं नेमून देणारा कुटुंब दत्तक उपक्रम आहे. तुमच्या वाट्याच्या कुटुंबांत नुकतंच बाळ जन्मलेलं एखादं घर असावं, असा आग्रह धरा. महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनाही माझी जाहीर विनंती आहे की, त्यांनी हा आग्रह मान्य करावा. ते बाळ पहिल्या आठवड्यात पाहा, सहाव्या आठवड्यात पाहा आणि ते पाऊल टाकेपर्यंत दर महिन्याला पाहत राहा. एका निरोगी बाळाचं अख्खं वर्ष ज्याने पाहिलं, त्याला पुढे हजारो बाळांतलं आजारी बाळ वेळेवर ओळखता येईल. या परिषदेतून उठताना प्रत्येकाने तेवढं ठरवावं.