मधुमेहीचे पाऊल आणि मूलपेशी



मधुमेही माणसाच्या पायाची जखम भरत नाही आणि पाय कापावा लागेल असे डॉक्टर सांगतात, तेव्हा घरातील माणसे ‘स्टेम सेल’, म्हणजेच मूलपेशी, या शब्दाकडे मोठ्या आशेने पाहू लागतात. काही जण त्यासाठी जमीन वा दागिने विकावयासही तयार होतात. ही आशा कितपत साधार आहे, याचा आज विचार करू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा नव्हे.

पाऊल बिघडते ते मुख्यतः तीन कारणांनी. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते. चपलेत खडा शिरला तरी तो जाणवत नाही आणि माणूस जखमेवरच भार देऊन चालत राहतो. दुसरे, रोहिण्या अरुंद होऊन जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही. तिसरे, जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचतो. मूलपेशींचा उपचार यांपैकी प्रामुख्याने दुसऱ्या कारणावर आहे.

मूलपेशी स्वतःसारख्या पेशी निर्माण करते आणि तिच्यापासून विशिष्ट कार्याच्या पेशीही घडतात. प्रौढांच्या अस्थिमज्जेत अशा पेशी असतात. १९९७ साली असाहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांचे अस्तर घडवू शकणाऱ्या पूर्वपेशी प्रौढांच्या रक्तात असल्याचे दाखविले. २००२ साली जपानी संशोधकांनी रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी त्याच्या पोटरीच्या स्नायूंत टोचल्या व रक्तपुरवठा सुधारल्याचे नोंदविले. साहजिकच जगभर उत्साह संचारला.

परंतु विज्ञानात उत्साहानंतर परीक्षा येते. नेदरलँड्समधील एका चाचणीत पायाचा रक्तपुरवठा अत्यंत क्षीण झालेले १६० रुग्ण होते. त्यांत मधुमेही व इतरही होते. काहींच्या रोहिणीत अस्थिमज्जेतील पेशी सोडल्या, इतरांना तसाच दिसणारा पण त्या पेशी नसलेला द्रव दिला. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत पेशी मिळालेल्या गटात १९ टक्के आणि दुसऱ्या गटात १३ टक्के रुग्णांचा पाय कापावा लागला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक अर्थपूर्ण नव्हता. विशेष म्हणजे दोन्ही गटांत वेदना कमी झाल्या होत्या. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर या सुधारणेचे सारे श्रेय मूलपेशींना दिले गेले असते.

म्हणून हे संशोधन व्यर्थ ठरते असे नाही. २०२० साली भारताच्या औषध महानियंत्रकांनी निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेपासून केलेल्या एका औषधास, रक्तपुरवठा धोक्यात आलेल्या पायांसाठी मान्यता दिली. पण ती मान्यता ठरावीक औषधाला, ठरावीक आजारासाठी आहे. कोणत्याही जखमेवर कोणीही मूलपेशी टोचाव्यात असा तो परवाना नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नव्या रक्तवाहिन्या फुटल्या तरी तेवढ्याने गेलेली संवेदना परत येत नाही आणि तळव्यावरील दाबही हटत नाही. हा धडा आपल्याच देशात शिकला गेला. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांची पावले बारकाईने अभ्यासली. मांस आपोआप झडत नाही, वेदना नसल्यामुळे नकळत होणाऱ्या इजांनी ते नष्ट होते, हे त्यांनी दाखवून दिले. दाब विभागणारे प्लॅस्टर आणि मऊ रबरी तळाची पादत्राणे यांनी व्रण भरू लागले. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या कामी आले. तळव्याच्या व्रणावर दाब हटविणे हा आजही उपचाराचा पाया आहे.

तेव्हा मधुमेहींनी रोज पाय तपासावेत, अनवाणी चालू नये, लहानशी जखमही त्याच दिवशी दाखवावी. रक्तपुरवठा कमी असल्यास रोहिणी मोकळी करता येईल काय, हे आधी विचारावे. कोणी मूलपेशींचा उपचार सुचविला, तर त्यास या आजारासाठी मान्यता आहे काय, नसल्यास नोंदणीकृत चाचणी आहे काय, हे अवश्य विचारावे. चाचणीत भाग घेण्यासाठीच पैसे मागितले, तर सावध व्हावे. अप्रमाणित उपचाराच्या मागे गेलेले आठवडे पावलाला परवडत नाहीत. मूलपेशींचे संशोधन आपल्या गतीने पुढे जाईल. तोवर जे उपाय सिद्ध झाले आहेत, ते खेड्यापाड्यांतील प्रत्येक मधुमेहीपर्यंत पोचविणे आपल्या हाती आहे.