दोन्ही दारे ज्यांना उघडी





पुण्यातल्या या परिषदेसाठी ‘धर्मगुरू आणि शांतता’ हा विषय ठरला, तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते नागालँडमधल्या वोखाचे. १९६४च्या सुरुवातीला तिथे नागालँडच्या बाप्टिस्ट चर्चचे अधिवेशन भरले. राज्य स्थापन होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. स्वतंत्र नागा राष्ट्र मागणाऱ्या बंडखोरांच्या आणि सरकारी फौजांच्या बंदुका मात्र डोंगरात थंडावल्या नव्हत्या. कुणाचा मुलगा जंगलात, कुणाचा सरकारी नोकरीत, आणि रविवारी दोघांच्याही आया एकाच प्रार्थनामंदिरात! ते दुःख पाद्री रोज पाहत होते. म्हणूनच दोन्ही बाजूंत मध्यस्थी करणाऱ्या शांतिमंडळाची मागणी तिथून उठली. चर्चने सुचवलेल्या नावांत आपले शंकरराव देवही होते. प्रत्यक्षात जयप्रकाश नारायण, विमलाप्रसाद चालिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट या तिघांनी ते काम केले. ६ सप्टेंबर १९६४ला, रविवारीच, शस्त्रसंधी लागू झाली.

पुढे बोलणी अडली, मंडळही संपले. सरकार आणि काही नागा नेते यांच्यातल्या १९७५च्या शिलाँग करारानंतर तर नागा गटांतच फूट पडली आणि भावाने भावावर बंदूक रोखली. मंडळे येतात आणि जातात, पाद्री मात्र गावातच राहतो. दोन्हीकडच्या मृतांना मूठमाती त्यालाच द्यायची असते. म्हणून दोन्ही घरांची दारे त्याला उघडी असतात. याच विश्वासावर २००८मध्ये रेव्हरंड वाती आयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागा समेटाचा मंच उभा केला. वैरी गटांना त्यांनी एकत्र बसवले, कोहिमात फुटबॉलच्या मैदानावरही आणले. २००९मध्ये या गटांच्या नेत्यांनी समेटाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. प्रश्न अजून सुटलेला नाही, पण संवादाची वाट मोडलेली नाही.

धर्मगुरूंनो, आपल्याकडे सैन्य नाही, खजिना नाही. पण आपल्याच माणसाला ‘तू चुकलास’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. परक्याला उपदेश करणे सोपे असते. घरच्याला थांबवायला धैर्य लागते. या दोन दिवसांत त्या धैर्याविषयी आपण मोकळेपणाने बोलावे, एवढीच माझी विनंती आहे.