641 आणि फर्माची माळ

आज मी एकाच संख्येबद्दल बोलणार आहे: 4,29,49,67,297. दोनाच्या बत्तिसाव्या घातात एक मिळवला की ती मिळते.

तूलूझचा न्यायाधीश पिएर द फर्मा 1640 साली एका माळेच्या प्रेमात पडला. दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्यायचा आणि प्रत्येकात एक मिळवायचा. येतात 3, 5, 17, 257 आणि 65,537. पाचही मूळ संख्या! माळ अशीच अखंड चालणार, अशी फर्माची खात्री होती. सिद्धता मात्र हाती नव्हती. पुढचा मणी म्हणजे आपली संख्या.

1729 मध्ये गणिती गोल्डबाखने फर्माचे म्हणणे खरे आहे का, हा प्रश्न तरुण गणिती ऑयलरपुढे ठेवला. 1732 मध्ये ऑयलरने उत्तर दिले: या संख्येला 641 ने नि:शेष भाग जातो. भागाकार 67,00,417.

सरळ मार्गाने जायचे तर 65,536 पर्यंतच्या मूळ संख्यांनी, म्हणजे सहा हजारांहून अधिक संख्यांनी, भागून पाहण्याची तयारी हवी. ऑयलरने पुढे सिद्ध केले की या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला 64 ने भागल्यास बाकी 1 च उरते. ही चाळणी लावली की रांगेत उभे राहतात 193, 257, 449, 577 आणि पाचवी 641. मला गणितात हेच सर्वांत मोलाचे वाटते: आकडेमोड करण्याआधी ती किती करावी लागेल, याचा विचार.

आता कागद घ्या. नंतरच्या गणितींनी दिलेला पुरावा भागाकार न करताच पटतो. 641 म्हणजे 640 + 1, आणि 640 म्हणजे 5 गुणिले दोनाचा सातवा घात. कोणत्याही संख्येच्या चौथ्या घातातून 1 वजा केला, तर उरलेल्याला त्या संख्येहून एकाने मोठ्या संख्येने भाग जातो. म्हणून 640 च्या चौथ्या घातातून 1 वजा केल्यास 641 ने भाग जातो. हा चौथा घात म्हणजे 625 गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. शिवाय 641 म्हणजे 625 + 16 सुद्धा! तिला दोनाच्या अठ्ठाविसाव्या घाताने गुणा: 625 पट अठ्ठाविसावा घात, अधिक बत्तिसावा घात. यातून आधीची, म्हणजे 640 च्या चौथ्या घातातून 1 वजा केलेली, राशी वजा करा. उरतो दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. दोन्ही राशींना 641 ने भाग जातो, तेव्हा वजाबाकीलाही जाणारच. एकच संख्या दोन रूपांत पाहिली, एवढेच केले आपण. इतके देखणे काम मी फार थोडे पाहिले आहे.

फर्माचे पहिले पाच मणी मात्र वाया गेले नाहीत. 1796 मध्ये अठरा वर्षांच्या गणिती गाऊसने दाखवले की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपासने काढता येतो, आणि ते शक्य होते 17 ही या माळेतली मूळ संख्या असल्यामुळे.

65,537 नंतर या माळेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. दोनाचे घातांक दुपटीने वाढत जातात, त्यामुळे मणी झपाट्याने अवाढव्य होतात. जिचा निकाल अजून लागलेला नाही अशी पहिली संख्या अडीच अब्जांहून अधिक अंकांची आहे. पुढे मूळ संख्या असेलच असे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि नसेलच असेही नाही.