उंबरठ्यावरील कारकून
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवरील अधिकारी वक्त्यांच्या भाषणांनंतर आमच्यासारख्या सरकारी नोकराने घरातील इंटरनेटवरील जाहिरातींचा बंदोबस्त हा विषय घेऊन उभे राहावे, हे कित्येकांना रसभंगासारखे वाटेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर. संगणकाशी आमचा संबंध टिपणे आणि नस्त्या यांपुरताच. परंतु गेल्या वर्षी घरी एक प्रसंग घडला आणि पन्नाशी उलटल्यावर आम्हांस पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

आमच्या मातोश्रींचे वय ८१. बदल्यांच्या नोकरीपायी आम्ही त्यांना गावोगाव फिरवले. येथे शेजारी त्यांच्या वयाचे, त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी नाही. दुपारी टॅबलेटवर कीर्तन ऐकावे, मराठी वृत्तपत्र वाचावे, हाच त्यांचा विरंगुळा. एके दिवशी वाचता वाचता पडद्यावर लाल फलक आला: यंत्रात विषाणू शिरला आहे, त्वरित या क्रमांकावर बोला. त्यांनी फोन लावला. पलीकडचा गृहस्थ गोड बोलून बँकेचा तपशील विचारू लागला, तोच आमची कन्या महाविद्यालयातून आली आणि तिने फोन बंद केला. पैसे वाचले, परंतु मातोश्रींनी टॅबलेट फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिला. "माझ्या हातून घराचं नुकसान व्हायचं," एवढेच म्हणाल्या. तीन आठवडे त्या त्याला शिवल्या नाहीत. फलक वस्तुतः एक जाहिरात होती. तिने त्यांचा स्वतःवरील विश्वास हिरावून नेला होता.

उपाय कन्येने सुचवला. तो समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. प्रत्येक संकेतस्थळाचा खरा पत्ता आकड्यांचा असतो. आपण नाव टाकतो. नावावरून पत्ता शोधून देण्याचे काम डीएनएस ही व्यवस्था करते. आरंभी सर्व संगणकांची नावे व पत्ते कॅलिफोर्नियातील एका संशोधनसंस्थेत एकाच यादीत ठेवलेले असत. यादी आवरेनाशी झाली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही विभागलेली व्यवस्था मांडली. एखादे पान उघडताना आपले यंत्र केवळ त्या पानाचाच पत्ता विचारीत नाही. त्यात जाहिराती पुरवणारे आणि वाचकाचा माग काढणारे जे अनेक विभाग असतात, त्यांचेही पत्ते विचारते.

येथेच मेख आहे. ही विचारणा घराबाहेर जाण्यापूर्वी आपल्याच उंबरठ्यावर एक कारकून बसवला तर? त्याच्यापाशी जाहिरातवाल्यांच्या नावांची यादी असावी. यादीतले नाव आले की त्याने ०.०.०.० असा निरर्थक पत्ता द्यावा, एरवी पुढे चौकशी करून खरा पत्ता द्यावा. जेकब साल्मेला यांनी सुरू केलेली पाय-होल ही विनामूल्य आज्ञावली नेमके हेच करते. प्रत्येक फोनमध्ये, टीव्हीमध्ये वेगळे काही घालावे लागत नाही.

हा कारकून आम्ही बॅटरी निकामी झालेल्या एका जुन्या लॅपटॉपवर, लिनक्स घालून, डॉकरच्या कंटेनरमध्ये बसवला. डॉकर २०१३ साली प्रसिद्ध झाले. कंटेनर म्हणजे काय, हे सरकारी नोकरास चटकन कळावे. तो क्वार्टर आहे. इमारतीचा पाया, पाणी, वीज सामाईक, संसार स्वतंत्र. राहणारा गेला तरी इमारतीस धक्का लागत नाही. मात्र क्वार्टर रिकामा करताना आतले सर्व सामान फेकले जाते. म्हणून याद्या आणि नियम ठेवण्यासाठी बाहेर एक ट्रंक ठेवावी लागते. तिला व्हॉल्यूम म्हणतात. नवी आवृत्ती आली की जुना क्वार्टर पाडावा, नवा उभारावा, ट्रंक तीच राहू द्यावी.

आमच्या चुका सांगितल्याने श्रोत्यांचा वेळ वाचेल. पहिली चूक अशी की डीएनएसची विचारणा ५३ क्रमांकाच्या दारावर येते आणि लिनक्सची स्वतःची एक सेवा त्या दारात आधीच बसलेली होती. कंटेनर सुरूच होईना. आम्ही घाईने ती सेवा बंद केली, तर लॅपटॉपलाच पत्ते सापडेनात आणि पाय-होल उतरवून घेणेही थांबले. आधी लॅपटॉपला दुसरा तात्पुरता डीएनएस द्यावा, मग दार मोकळे करावे, हा क्रम दोन रात्री जागून कळला.

दुसरी चूक सावधगिरीची होती. लॅपटॉपला घरात कायमचा आयपी पत्ता देऊन तो आम्ही राउटरमध्ये डीएनएस म्हणून नोंदवला, ते योग्यच. पण अडचणीला असावा म्हणून खाली बाहेरचा दुसरा डीएनएसही लिहिला. यंत्रे पहिला बंद पडेपर्यंत थांबत नाहीत. मन मानेल तेव्हा दुसऱ्यालाही विचारतात. परिणामी निम्म्या जाहिराती मागच्या दाराने येत राहिल्या. तो दुसरा पत्ता काढून टाकला तेव्हाच पडदा स्वच्छ झाला.

तिसरी चूक गृहस्थाश्रमातील. आम्ही दौऱ्यावर असताना वीज गेली. ती परत आली. लॅपटॉप मात्र आपोआप सुरू झाला नाही. घरातील सर्व यंत्रे मुकी झाली आणि सौभाग्यवतींना रेल्वेचे तिकीट काढता येईना. त्यांनी दूरध्वनीवरून आमच्या विद्वत्तेचा जो गौरव केला, तो येथे सांगण्याजोगा नाही. आता राउटरशेजारी मराठीत लिहिलेला कागद चिकटवला आहे: लॅपटॉप कोठे सुरू करावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर राउटरमध्ये जुना डीएनएस कसा लिहावा. ज्या व्यवस्थेची किल्ली एकाच माणसाच्या खिशात आहे, ती घराची व्यवस्था नव्हे.

मर्यादाही प्रांजळपणे सांगाव्यात. चित्रफीत आणि तिच्यातील जाहिरात एकाच पत्त्यावरून येत असतील, तर हा कारकून हतबल आहे. काही उपयोजने आपली विचारणा गुप्त मार्गाने थेट बाहेर पाठवतात. घराबाहेर मोबाइलच्या जाळ्यावर संरक्षण उरत नाही. आणि ५३ क्रमांकाचे दार बाहेरच्या जगास कदापि उघडू नये. फोनवरून होणारी फसवणूक कोणतीही यादी थांबवत नाही; त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक प्रत्येक घरात ठाऊक असावा.

दोन प्रश्नांनी मात्र आम्हांस तंत्रापेक्षा अधिक छळले. पहिला असा की हा कारकून नोंदवही ठेवतो. कोणत्या यंत्राने केव्हा कोणते नाव विचारले, ते सारे त्यात दिसते. पहिल्या रात्री आम्ही ती कौतुकाने चाळली आणि कन्येच्या फोनची पाने समोर येताच थबकलो. परक्यांनी आमच्या घरावर पाळत ठेवू नये म्हणून केलेल्या उद्योगात आम्हीच पाळत ठेवू लागलो होतो. दुसऱ्या दिवशी सर्वांस सांगून ती नोंद बंद केली. तशी सोय त्यात आहे. ती वापरण्याचे धैर्य गृहप्रमुखास हवे.

दुसरा प्रश्न न्यायाचा. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे जाहिरातींवर चालतात. त्या अडवून फुकट वाचणे उचित काय? या उपायात एका स्थळाच्या जाहिराती राखून दुसऱ्याच्या अडवाव्यात, असे साधत नाही; कारण जाहिरात पुरवणारे सर्वत्र तेच असतात. म्हणून आम्ही एका दैनिकाची आणि एका मासिकाची वर्गणी भरतो. आमच्यापुरते आम्ही ते कर्ज फेडले, असे मानतो.

आणि जाहिरातीचे आम्हांस वावडे नाही. आपल्या मंडळाची ही स्मरणिकाच पाहा. मिठाईवाले, सराफ, छापखानदार यांच्या जाहिरातींवाचून ती निघालीच नसती. परंतु ती जाहिरात आपल्या पानावर मर्यादेने बसते. वाचकाकडे वळून पाहत नाही, त्याच्या मागोमाग घरी येत नाही, एकट्या वृद्धेला भिववीत नाही. आमचे भांडण जाहिरातीशी नसून तिच्या या नव्या वर्तनाशी आहे.

मातोश्रींनी टॅबलेट पुन्हा हाती घेतला, तो कन्येने शेजारी बसून पाच दिवस त्यांच्याबरोबर वाचले तेव्हा. कारकून उंबरठ्यावर होताच. पण हात धरणारे माणूसही लागले. मंडळातील तरुण सभासदांना विनंती की आपल्यातील ज्येष्ठांच्या घरी जाऊन एक संध्याकाळ असे बसावे.